अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधली पक्षीय पॅम्फ्लेटं आणि राजकीय उपहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीचे विद्यार्थी, इतिहासाचे वाचक आणि व्यंगचित्रांचे शौकीन मला या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅम्फ्लेट म्हणजे आपल्याकडचं निवडणुकीचं पत्रकच ना?

नाही. एका पानाच्या पत्रकाला तिकडे ब्रॉडसाइड म्हणत. पॅम्फ्लेट म्हणजे चोपडी. कागदाचा मोठा ताव तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे दोन-तीन फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्यानं टाचले, पुठ्ठा लावलाच नाही, की चोपडी तयार. किंमत साधारण सहा पेन्स ते एक शिलिंग. लंडनमधल्या मजुराला दिवसाला दोन शिलिंगच्या आसपास मिळत, त्यामुळे ही चोपडी त्याच्या खिशाला जडच होती.

तिची ताकद होती वेगात. जाड ग्रंथाचे खिळे जुळवायला महिने जात. चोपडी मात्र संसदेतला वाद गरम असतानाच बाजारात येई, लगेच तिच्यावर विरोधकांचं उत्तर येई आणि मग त्या उत्तरावरही उत्तर निघे.

२. व्हिग आणि टोरी म्हणजे आजचे कोण?

आजच्या पक्षांशी थेट जोडी लावू नका, फसाल. दोन्ही नावं १६७९ ते १६८१ च्या वादातून आली आणि दोन्ही मुळात शिव्या होत्या: टोरी म्हणजे आयर्लंडमधले लुटारू, व्हिग म्हणजे स्कॉटलंडमधले बंडखोर प्रॉटेस्टंट. ढोबळमानानं टोरी हे राजसत्ता, इंग्लंडचं अधिकृत चर्च आणि जमीनदार यांच्या बाजूचे. व्हिग हे संसद, चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट आणि लंडनचे सावकार-व्यापारी यांच्या बाजूचे. १७१४ नंतर व्हिगांचीच सत्ता दीर्घकाळ टिकली. मग खरं भांडण व्हिग विरुद्ध व्हिग असंही झालं. म्हणून एखादी चोपडी हाती आली की आधी साल पाहावं आणि पक्ष नंतर.

३. याच काळात एवढा पूर का आला?

दोन कायद्यांमुळे. छापण्याआधी परवानगी घ्यायला लावणारा कायदा १६९५ साली संपला आणि संसदेनं तो पुन्हा लागू केला नाही. त्याआधीच, १६९४ साली, दर तीन वर्षांनी निवडणूक घेण्याचा कायदा झाला होता. परिणाम असा की १६९५ ते १७१५ या वीस वर्षांत दहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. निवडणुकीचा ज्वर उतरायलाच वेळ मिळाला नाही.

या ज्वराचा कळस पाहायचा तर १७०९ पाहा. ५ नोव्हेंबरला हेन्री सॅशेव्हरेल नावाच्या धर्मोपदेशकानं लंडनच्या सेंट पॉल्समध्ये व्हिगांवर आग ओकणारं प्रवचन दिलं आणि ते चोपडी करून छापलं. त्याच्या सुमारे १ लाख प्रती खपल्याचा अंदाज आहे. व्हिग सरकारनं चिडून त्याच्यावर संसदेत खटला भरला. मार्च १७१० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल उसळली, जमावानं चर्चबाहेरच्यांची प्रार्थनाघरं फोडली. शिक्षा झाली ती फक्त तीन वर्षं प्रवचनबंदीची. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टोरींनी व्हिगांना लोळवलं. खटला भरून सरकारनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

४. ज्यांना वाचता येत नव्हतं किंवा विकत घेणं परवडत नव्हतं, त्यांचं काय?

ते ऐकत होते. कॉफीहाउसमध्ये पेनीभर टाकून बसलं की टेबलावरची सगळी छापील सामग्री वाचायला मिळे आणि एक जण मोठ्यानं वाचे तेव्हा दहा जण ऐकत. या जागाही पक्षांनी वाटून घेतल्या होत्या: कोको ट्री टोरींचं, सेंट जेम्सेस आणि बटन्स व्हिगांची. याशिवाय रस्त्यावर पोवाड्यासारखी गाणी म्हणून एकपानी कागद विकणारे गायक होते. सॅशेव्हरेलच्या खटल्यावर तर पत्त्यांचे जोड आणि हातपंखेसुद्धा निघाले. एका प्रतीमागे वाचक किती, हे मोजता येत नाही. पण खपाच्या आकड्यावरून पोच ठरवली तर उत्तर चुकणार, एवढं नक्की.

५. नावांच्या जागी रेघा का असतात?

'वॉ——ल' असं छापलं तरी तो पंतप्रधान वॉलपोल हे शेंबडं पोरही ओळखत होतं. रेघ वाचकासाठी नव्हतीच, ती कोर्टासाठी होती. रेघेमागे कोण दडलाय, हे सरकारी वकिलाला ज्यूरीसमोर मांडावं लागे आणि तो ते मांडताना कोर्टात हशा पिकण्याची भीती सरकारलाच असे.

दुसरी युक्ती रूपकाची. १७१२ साली राणी ॲनचा स्कॉटिश वैद्य जॉन आर्बथनॉट यानं पाच चोपड्यांत एक गोष्ट सांगितली. जॉन बुल नावाचा साधाभोळा कापडव्यापारी शेजारी निक फ्रॉगबरोबर लुईस बबून नावाच्या माणसाविरुद्ध कोर्टात जातो. वकील होकस खटला लांबवत राहतो आणि गबर होतो. बुल म्हणजे इंग्लंड, फ्रॉग म्हणजे हॉलंड, बबून म्हणजे फ्रान्सचा बूर्बां घराण्यातला राजा आणि होकस म्हणजे सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून फ्रान्सशी चाललेल्या लांबलचक युद्धाला दिलेली ही कज्जाची उपमा मराठी वाचकाला लगेच पटते. इंग्लंडचं प्रतीक म्हणून पुढे जगभर गेलेला जॉन बुल या टोरी प्रचारातूनच जन्मला.

६. पकडले गेले तर शिक्षा कुणाला?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. पाठ्यपुस्तकांत लेखकांची नावं असतात, तुरुंगांच्या नोंदींत मात्र मुद्रकांची. १६९५ नंतर आधीची परवानगी गेली, तरी छापून झाल्यावर राजद्रोही लेखनाचा खटला भरता येत होता (प्रश्न १३ पाहा). त्यात लिहिणारा, छापणारा आणि विकणारा, सगळेच सापडत. लेखक निनावी राहू शकत होता. पण छापखाना कुठे लपवणार? शेकडो किलोंचं लाकडी यंत्र, खिळ्यांच्या पेट्या, वाळत घातलेले ओले ताव आणि शिवाय शिकाऊ पोरं, ज्यांना साक्षीला उभं करता येई.

जॉन मॅथ्यूज हा लंडनचा मुद्रक विशीचाही नव्हता. हद्दपार स्टुअर्ट घराण्याचा गादीवर हक्क आहे, असं म्हणणारी चोपडी त्यानं छापली. १७०७ च्या कायद्यानं असं लिहिणं हाच देशद्रोह ठरला होता. नोव्हेंबर १७१९ मध्ये त्याला टायबर्नला फाशी दिलं.

डब्लिनचा जॉन हार्डिंग घ्या. १७२४ साली जॉनाथन स्विफ्टनं कापडवाल्याच्या टोपणनावानं पत्रं लिहिली. विल्यम वुड नावाच्या इंग्लिश कारखानदाराला आयर्लंडसाठी १ लाख ८०० पौंडांची तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला होता. ती नाणी घेऊच नका, असं ही पत्रं सांगत होती. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. अख्ख्या डब्लिनला लेखक ठाऊक होता, पण बक्षीस न्यायला कुणीही पुढे आलं नाही. स्थानिक पंचांनी हार्डिंगवर आरोप ठेवायला नकार दिला आणि मक्ता शेवटी रद्द झाला. स्विफ्टला धक्काही लागला नाही. तुरुंगात हार्डिंग गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याची विधवा सेरा हिनं छापखाना चालू ठेवला. १७२९ साली स्विफ्टची 'अ मॉडेस्ट प्रपोजल' ही प्रसिद्ध चोपडी तिनंच छापली. स्विफ्टचं धैर्य मी मानतो, पण त्याच्याबरोबर या दोघांचं नावही यायला हवं.

७. डिफोला शिक्षा झाली, पण त्यानं तर विरोधकांचीच टर उडवली होती ना?

हो, आणि घोटाळा तिथेच झाला. डॅनियल डिफो स्वतः चर्चबाहेरचा प्रॉटेस्टंट. डिसेंबर १७०२ मध्ये त्यानं कट्टर टोरी धर्मोपदेशकाचा आवाज घेऊन 'द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स' ही निनावी चोपडी लिहिली: या चर्चबाहेरच्यांना मुळासकट उपटा, त्यांच्या उपदेशकांना फासावर लटकवा. सूर इतका हुबेहूब होता की काही कट्टर टोरींनी ती डोक्यावर घेतली आणि चर्चबाहेरचे धास्तावले. खरं काय ते कळल्यावर दोन्ही बाजू त्याच्यावर चिडल्या.

सरकारनं ५० पौंडांचं बक्षीस लावून 'लंडन गॅझेट'मध्ये त्याचं वर्णन छापलं: सडपातळ, मध्यम उंचीचा, वय चाळिशीच्या आसपास, गव्हाळ वर्ण, नाक बाकदार, हनुवटी टोकदार, डोळे करडे, तोंडाजवळ मोठा तीळ. डिफोचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला हेच वर्णन उपयोगी पडतं. जुलै १७०३ मध्ये त्याला तीन दिवस तीन वेगवेगळ्या चौकांत पिलरीवर उभं केलं. पिलरी म्हणजे खांबावर बसवलेली फळी. तिच्या भोकांत मान आणि मनगटं अडकवायची, मग लोक अंडी, चिखल, दगड काय हवं ते मारणार. यात माणसं मेलीही आहेत. डिफोनं त्याच वेळी पिलरीलाच उद्देशून एक स्तोत्र लिहून विकायला काढलं आणि जमाव त्याच्या बाजूनं उभा राहिला.

आवाजाची नक्कल करणारा उपहास नेहमीच या कड्यावर उभा असतो. वाचकाला खूण सापडली नाही, तर तो शब्दशः वाचला जातो.

८. मग हेच लेखक पुढे पक्ष बदलतात, ते कसं?

डिफोला तुरुंगातून सोडवलं रॉबर्ट हार्ली या मंत्र्यानं आणि १७०४ पासून डिफो त्याच्यासाठी 'रिव्ह्यू' हे नियतकालिक चालवू लागला. १७१४ नंतर तो व्हिगांसाठी काम करू लागला, तेही एका टोरी साप्ताहिकात बसून त्याची धार बोथट करण्याचं. स्विफ्ट आधी व्हिग होता. आयर्लंडच्या चर्चचा एक कर माफ करून घ्यायला तो १७१० साली लंडनला आला, व्हिगांनी झुलवत ठेवलं आणि हार्लीनं काम केलं. मग तो टोरींचं 'एक्झामिनर' हे नियतकालिक लिहू लागला.

याला नुसती विक्री म्हणणं मला मान्य नाही. स्विफ्टची चर्चनिष्ठा आधीही तीच होती आणि नंतरही. नोव्हेंबर १७११ मधली त्याची 'द कंडक्ट ऑफ द अलाइज' ही चोपडी वाचा: फ्रान्सशी युद्ध कुणाच्या फायद्यासाठी चाललंय, एवढा एकच सवाल तो हिशोबाच्या वहीसारखा मांडतो. दोनेक महिन्यांत ११,००० प्रती गेल्या. वर्ष संपता संपता सेनापती मार्लबरोची गच्छंती झाली आणि १७१३ साली तह झाला.

९. सरकार फक्त खटलेच भरत होतं का?

नाही. कर आणि पैसा ही दोन हत्यारं जास्त चालली. ऑगस्ट १७१२ पासून वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावावर अर्धा पेनी आणि पूर्ण तावावर एक पेनी मुद्रांक बसला, शिवाय प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग. शतकाअखेर, १७९७ साली, हा मुद्रांक साडेतीन पेन्सवर गेला.

रॉबर्ट वॉलपोलच्या काळात विरोधकांचं 'क्राफ्ट्समन' हे पत्र १७२६ पासून दर आठवड्याला त्याला सोलत होतं. वॉलपोलनं आपली पत्रं विकत घेतली, आपले लेखक पोसले, टपाल खात्यातून फुकट प्रती देशभर पाठवल्या. तो पडल्यावर १७४२ साली संसदीय समितीनं हिशोब काढला: दहा वर्षांत ५०,००० पौंडांहून जास्त सरकारी पैसा यात गेला होता. तरी आज वाचलं जातं ते त्याच्या विरोधकांचं लिखाण.

१०. नाटकांवर परवानगी आली, पण छापण्यावर पुन्हा आली नाही. असं का?

नाटकात शेकडो माणसं एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच मंत्र्याला हसतात. १७२८ साली 'द बेगर्स ऑपेरा'चे ६२ प्रयोग झाले, त्यातल्या चोरांच्या टोळीत लोकांना दरबार दिसला. पुढे हेन्री फील्डिंगनं हेमार्केटच्या छोट्या नाट्यगृहात वॉलपोलला उघडउघड रंगमंचावर आणलं. १७३७ साली कायदा झाला आणि प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागू लागली. ती पद्धत १९६८ पर्यंत टिकली. फील्डिंग नाटक सोडून कादंबरीकडे वळला.

११. ४५ या आकड्याची काय भानगड आहे?

खासदार जॉन विल्क्सच्या 'नॉर्थ ब्रिटन' या साप्ताहिकाचा ४५ वा अंक, २३ एप्रिल १७६३. त्यात फ्रान्सशी झालेल्या तहाची स्तुती करणाऱ्या राजाच्या भाषणावर टीका होती. सरकारनं कुणाचंही नाव नसलेलं सरसकट वॉरंट काढलं आणि ४९ जणांना उचललं. त्यात चुकून पकडलेल्या एका छापखान्यातला हकल नावाचा कामगार होता. त्याला सहाएक तास अडकवलं, वागणूक चांगली दिली, मांस आणि बिअरसुद्धा दिली. त्याचा आठवड्याचा पगार एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. त्यानं दावा लावला आणि ज्यूरीनं त्याला ३०० पौंड नुकसानभरपाई दिली! जवळपास साडेपाच वर्षांचा पगार. नाव नसलेल्या वॉरंटाची पद्धत या दाव्यांनी मोडली. ४५ हा आकडा भिंतींवर, दारांवर खडूनं लिहिला जाऊ लागला.

१२. ज्युनियस कोण होता? त्याचा मराठ्यांशी संबंध होता, हे खरं का?

जानेवारी १७६९ ते जानेवारी १७७२ या काळात 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या वर्तमानपत्रात या नावानं पत्रं आली. मंत्र्यांना त्यानं कापून काढलंच, पण १९ डिसेंबर १७६९ ला थेट राजाला उद्देशून लिहिलं. पुन्हा खटला मुद्रकावरच, हेन्री सॅम्पसन वुडफॉलवर. ज्यूरीनं 'फक्त छापल्याबद्दल आणि प्रसिद्ध केल्याबद्दल दोषी' असा निकाल दिला. त्यातलं 'फक्त' इतकं अडचणीचं ठरलं की शिक्षा देताच आली नाही.

लेखकानं नाव कधीच कबूल केलं नाही. बहुतेक अभ्यासकांचं बोट युद्धखात्यातला कारकून फिलिप फ्रान्सिस याच्याकडे आहे. हाच फ्रान्सिस १७७४ साली कलकत्त्याच्या कौन्सिलवर आला आणि वॉरन हेस्टिंग्जचा हाडवैरी झाला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला त्याचा विरोध होता. युद्धात आडवं येणार नाही हा शब्द त्यानं मोडला, असा आरोप हेस्टिंग्जनं लेखी केला आणि १७ ऑगस्ट १७८० ला दोघांत पिस्तुलांचं द्वंद्व झालं. फ्रान्सिस जखमी झाला. त्याचा विरोध मराठ्यांच्या प्रेमापोटी होता, असं मात्र समजू नका. त्याला खर्च आणि हेस्टिंग्ज, दोन्ही नको होते.

१३. मजकूर खरा असेल तरी शिक्षा होई?

होई. राजद्रोही लेखनात खरेपणा हा बचावच नव्हता. सरकारबद्दल अप्रीती पसरते, एवढं पुरे होतं. त्यातही मजकूर गुन्हा ठरतो की नाही हे न्यायाधीश ठरवत, ज्यूरीनं फक्त छापलं की नाही एवढं सांगायचं. म्हणून वुडफॉलच्या ज्यूरीनं 'फक्त' घातलं. १७९२ साली व्हिग नेता चार्ल्स फॉक्सच्या कायद्यानं संपूर्ण निकाल ज्यूरीच्या हाती दिला.

अप्रीतीची हीच कल्पना १८७० साली भारतीय दंड संहितेच्या १२४ अ कलमात आली. 'केसरी'तल्या लेखनासाठी टिळकांना १८९७ साली अठरा महिने आणि १९०८ साली सहा वर्षं शिक्षा झाली ती याच कलमाखाली. ज्यूरी होती, पण १९०८ मध्ये तिच्यातले सात युरोपियन विरुद्ध दोन पारशी असा निकाल लागला. लंडनच्या मुद्रकाला त्याच्या गावची माणसं न्याय द्यायला मिळत होती. टिळकांना ती मिळाली नाहीत.

१४. व्यंगचित्रं या सगळ्यात कुठे बसतात?

शतकाच्या उत्तरार्धात चित्र चोपडीच्या पुढे गेलं. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरायच्या, छापायचं, मग हातानं रंग भरायचा. साधं चित्र शिलिंगभर, रंगीत त्याच्या दुप्पट. लोक दुकानाच्या काचेसमोर गर्दी करून फुकट पाहत.

डिसेंबर १७८३ मधलं जेम्स सेयर्सचं 'कार्लो खान' जरूर पाहा. चार्ल्स फॉक्स ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती देणारं विधेयक आणत होता. चित्रात तो मुघली थाटात हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीवर स्वारी करतोय. हत्तीला तोंड आहे त्याचा जोडीदार लॉर्ड नॉर्थचं आणि पुढे तुतारी फुंकतोय फॉक्सच्याच बाजूचा खासदार एडमंड बर्क. विधेयक पडलं, सरकार गेलं. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. आणि सेयर्सला पुढे फॉक्सचा विरोधक, पंतप्रधान पिट याच्या सरकारनं पद दिलं. जेम्स गिलरे त्याच्याहून कितीतरी मोठा कलावंत, पण १७९७ पासून त्यालाही सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळत होते.

१५. यात स्त्रिया होत्या का?

होत्या. डेलरिव्हिएर मॅन्लीला व्हिगांच्या भानगडी कादंबरीच्या रूपात मांडल्याबद्दल १७०९ साली अटक झाली आणि १७११ मध्ये स्विफ्टनंतर 'एक्झामिनर' तिनं चालवला. ॲबिगेल बाल्डविन व्हिग चोपड्यांची प्रकाशक होती. गिलरेची चित्रं विकली ती हॅना हंफ्रीनं, सेंट जेम्सेस स्ट्रीटवरच्या स्वतःच्या दुकानातून. सेरा हार्डिंग वर आलीच आहे (प्रश्न ६). हाती गठ्ठे घेऊन विकणाऱ्यांतही बायका पुष्कळ.

१६. हे सगळे स्वातंत्र्यासाठीच लढत होते ना?

नाही, आणि तसं रंगवलेलं मला खटकतं. १७५३ साली परदेशात जन्मलेल्या ज्यूंना नागरिकत्व मिळवू देणारा कायदा झाला. चोपड्यांनी आणि चित्रांनी ज्यूद्वेषाचा इतका गलिच्छ डोंब उसळवला की त्याच वर्षाअखेर सरकारनं कायदा मागे घेतला. विल्क्सच्या 'नॉर्थ ब्रिटन'ची निम्मी फोडणी स्कॉटिश माणसांच्या द्वेषाची होती. छापण्याचं स्वातंत्र्य मिळवून देणारा आणि शेजाऱ्याचा द्वेष पसरवणारा, दोघे एकच असू शकतात. वाचताना दोन्ही दिसायला हवं.

१७. मूळ चोपडी वाचायची तर सुरुवात कशी करू?

प्रश्न ७ मधली डिफोची चोपडी घ्या. ती लहान आहे आणि स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी शोधा. चित्रांसाठी ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह. पहिल्या पानावर एक अडचण येईल: शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. नीट पाहिलंत तर 'एफ'ची आडवी दांडी त्याला पूर्ण नसते. दोन-तीन पानांत डोळा बसतो. मुखपृष्ठावर तळाशी, बारीक अक्षरात, कुणासाठी छापलं आणि कुठे विकायला ठेवलं ते असतं. ती ओळ आधी वाचा.